आखूड हातांचे विक्रम

आषाढ लागला की मला माणसांचा राग येतो. उन्हाळ्यात येत नाही, थंडीत येत नाही. चतुर्थीला तर मी सगळ्या वाड्याला खोबऱ्याच्या नेवऱ्या वाटत फिरते, आणि मनापासून वाटते. पण एकदा का तेरेखोलच्या नदीचं पाणी लाल झालं, मोठे ट्रॉलर पावसाळी मासेमारीबंदीपायी धक्क्याला बांधून पडले आणि केरीतले आमच्या वाड्याचे पुरुष गळाची गरी, दोरी आणि आमिषाच्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, पिशवी घेऊन बांधावर जाऊ लागले, की मला त्यांतल्या कुणाचं तोंड बघवत नाही. चाळीस वर्षं झाली.  

यंदाही तेच. आषाढाच्या सुरुवातीला बसची वाट बघत तिठ्यावर उभी होते. समोर सखाराम पोसरकाराचं दुकान. पोसरकार म्हणजे आमच्याकडे दुकानदार. दुकानाच्या पडवीत, पावसाचं पाणी पोचणार नाही अशा भिंतीवर, निळ्या रंगात लिहिलेलं आहे, ‘चोणक, अडीच हात दोन बोटं’. सखारामाचा मुलगा स्टुलावर चढून त्या अक्षरांवर नवा रंग देत होता. दरवर्षी देतो. देवाच्या देवळाला दोन-दोन वर्षं रंग लागत नाही, पण ह्या माशाला लागतो. छत्री घेतलेली एक पर्यटक मुलगी फोटो काढत होती. तिने विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, “रेकॉर्ड आहे. माझ्या बाबांचं. अजून मोडलं नाही कुणी.”

ती ‘वॉव’ म्हणाली. मी मनात जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारीला एका माशाचं काय एवढं.

मृग लागल्यापासून आषाढाच्या अमावास्येपर्यंतचे ते पाच-सहा आठवडे आमच्याकडे गरवण्याचे. समुद्र खवळलेला असतो, होड्या वाळूवर उपड्या घातलेल्या असतात, म्हणून माणसं नदीच्या बांधावर आणि खडपांवर बसून गरीला मासा लावतात. अमावास्येनंतर श्रावण, मग घरात मासळी बंद. त्यामुळे जे काय पकडायचं ते तेवढ्यात. ह्या दिवसांत समुद्रातून चोणक नदीच्या तोंडाशी येतो. चोणक म्हणजे माशांतला जमीनदार. रुपेरी अंग, लाल चमकणारा डोळा, आणि गरीला लागला की असा उसळतो की दोरीने तळहात कापतो. ज्याला मोठा चोणक लागला, त्याचं नाव वाड्यात राहतं. किती वर्षं? त्याहून मोठा कुणाला लागेपर्यंत.

माप ठरलेलं. टेप नाही, काटा नाही. ज्याचा मासा त्याचा हात. माशाच्या नाकाला कोपर टेकवायचं, मधल्या बोटाच्या टोकाशी खूण करायची, मग पुढचा हात. उरलेलं बोटांनी. दोन माणसं साक्षीला असली की झालं. आजे-पणज्यांपासून हेच माप. त्यात खोट काढावी असं कधी कुणाला वाटलं नाही. मला वाटलं ते पुढे सांगते.

आणि दुसरा नेम डोक्याचा. ज्याचा विक्रम मोडला, त्याच्या घरी नव्या माशाचं डोकं पाठवायचं. कच्चं नाही, तिरफळं घालून, नारळाचा दाट रस करून, कालवण पाठवायचं, आणि त्याने ते त्याच दिवशी खायचं. चोणकाचं डोकं म्हणजे सगळ्यात चवदार भाग. गालांचं मांस, डोळ्यांमागची चरबी. तो मान आहे की टोमणा, हे आमच्याकडे कुणी ठरवलेलं नाही. पुरुष म्हणतात मान. डोकं शिजवणाऱ्या बायकांना विचारा.

माझं माहेर आमोण्याचं. मांडवीच्या काठाला आमची खाजण शेती, आणि शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून बांधाला मोठं लाकडी दार, त्याला मानस म्हणतात. भरती-ओहोटीला ते दार उघडतं मिटतं आणि मासा आत येतो. मी त्या मानशीवर वाढले. चिखलात हात घालून शेवटे मासे पकडायला मला शिकवावं लागलं नाही. भावांपेक्षा माझी दोरी लांब पडायची. लग्न होऊन केरीला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच पावसाळ्यात सांगितलं, आमच्याकडच्या बायका बांधावर बसत नाहीत. म्हणजे मासा साफ करायचा बायकांनी, शिजवायचा बायकांनी, आणि मापायचा पुरुषांनी. मी गरी गुंडाळून ठेवली. गप्प बसले असं नाही म्हणणार, पण ठेवली.

आमचे हे, लोकांचे दत्ताराम, फेरीबोटीवर खलाशी होते. केरीहून तेरेखोलला आणि परत, दिवसातून कितीदा कोण जाणे. उंच माणूस, आणि हात असे लांब की धक्क्यावरच्या खुंटाला दोर टाकताना वाकावं लागायचं नाही. माझ्या लग्नानंतरच्याच आषाढात ह्यांना चोणक लागला. अडीच हात. स्वयंपाकघराच्या जमिनीवर ठेवला तर शेपूट उंबऱ्याबाहेर. मी घरात नवी, अजून सासूबाईंना विचारून मीठ घालणारी. खालच्या वाड्यातल्या ज्या म्हाताऱ्याचा विक्रम मोडला, त्याच्याकडे सहा वर्षं तो होता. त्याला पाठवायचं डोकं टोपात मावेना, कोयत्याने दोन फाकी कराव्या लागल्या. त्याच्या घरी सात माणसं जेवली त्या डोक्यावर, आणि दुसऱ्या दिवशी रिकामा टोप परत आला तो घासूनपुसून. मला असा माज चढला होता म्हणून सांगते. विहिरीवर माझी कळशी आधी भरायची, का, तर अडीच हातवाल्याची बायको.

अकरा वर्षं तो विक्रम आमच्या घरात होता. मुलं झाली, सासूबाई गेल्या, पत्र्याची न्हाणी चिऱ्यांची झाली. आणि दर आषाढात हे सुट्टीच्या दिवशी बांधावर जाऊन बसायचे. मला वाटायचं गरवायला जातात. जेवणात मासा काही फारसा यायचा नाही. मी म्हणायचे, “एवढो येळ बसान काय केलात?” हे म्हणायचे, “बघत होतंय.” काय बघत होते ते मी विचारलं नाही. लग्नाला वर्षं झाली की माणूस असले प्रश्न विचारायचं सोडतो, आणि नेमकं तिथेच फसतो.

तो बारावा आषाढ. पाऊस असा की चुलीतली लाकडं फुसफुसायची, कपडे चार दिवस आंबूस वास मारत दांडीवर लोंबायचे. मी मीठ आणायला सखारामाच्या दुकानात गेले होते. तेव्हा जात होते. बघते तर पडवीत गर्दी, आणि मध्ये फळीवर चोणक. सखाराम पोसरकार गुडघे टेकून मापत होता. बुटका माणूस, मान खांद्यांत गेलेली, हात म्हणाल तर गल्ल्यातून नाणी काढण्यापुरते. त्याने कोपर टेकवलं, खूण केली, दुसरा हात टाकला, मग अर्धा, आणि त्यावर दोन बोटं.

“अडीच हात दोन बोटां!” लोक ओरडले.

मी तो मासा डोळ्यांनी बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर दुसरा मासा होता, उंबऱ्याबाहेर शेपूट गेलेला. अहो, मी तो साफ केला होता. माझ्या हातांना त्याची लांबी पाठ होती. हा त्याच्यापुढे वीतभर तोकडा. डोळ्यांना मासा लहान, मापाला मोठा. मग माझी नजर सखारामाच्या हातावर गेली, आणि मला कळलं.

“ह्या माप खोटा आसा,” मी म्हटलं. “ह्येचो हात आखूड. आमच्या घरच्यांचो हात लांब. दोगांचो हात एक कसो धरतास?”

 पडवीत हशा. कुणीतरी म्हणालं, “वयनी, मग काय हात भाड्यान हाडूचो?” दुसरा म्हणाला, “दत्तारामाक सांग, लांब हात देवान दिले ते रडूक नाय.” सखाराम तोंड वर करून म्हणाला, “ज्याचो मासो, त्याचो हात. नेम मी नाय केलो.” आणि हे, आमचे हे, फेरी लावून तिथेच खांबाला टेकून उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. आता बोलतील. एक शब्द बोलले असते तर कुणाची हिंमत नव्हती. हे म्हणाले, “माप बरोबर आसा. चल घराकडे.”

मीठ न घेता घरी आले.

संध्याकाळी सखारामाची बायको रुक्मिणी डोकं घेऊन आली. टोपावर केळीचं पान, वर नवा पंचा. ही माझ्याहूनही ठेंगणी, बसली काय नि उभी राहिली काय सारखीच. माझी ती मैत्रीण होती तोवर. आमची मुलं एका पाटावर जेवलेली. ती म्हणाली, “जेव गो.” मी म्हटलं, “तूच जेव.” ह्यांनी टोप घेतला. मुलांना वाढलं, स्वतः बसले, आणि काय जेवले! हाडं चोखली, गाल फोडले, दोनदा भात घेतला. मी चुलीकडे तोंड करून कोरडा उंडा पाव चहात बुडवून खात होते आणि मागून तो चोखण्याचा आवाज. नवऱ्याचा एवढा राग मला त्याआधी कधी आला नव्हता. त्यानंतर आला, पण तो त्याचाच उरलेला.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या दुकानाची पायरी चढले नाही. मीठ आणायला वरच्या वाड्यातल्या दुकानात जायचे, पावसात, चिखलात, अर्धा तास जायला, अर्धा तास यायला. चाळीस वर्षं. हे मात्र विड्या तिथूनच आणायचे आणि खिशात लपवून आणायचे. मला वासावरून कळायचं. रुक्मिणीशी बोलणं थांबलं. आमच्या दोघींच्या परसांत एकच कुंपण, ती पलीकडे कपडे वाळत घालायची, मी अलीकडे, आणि मी मोठ्याने कोंबडीशी बोलायचे. “खा गो, खा. तुजो हात आखूड, पण पोट मोठा.” कोंबडी बिचारी.

मग हे गेले. सरळ, साध्या आजारात, फार छळ न करता. तेराव्यानंतर एका दुपारी मी बसले होते, आणि मनात आलं, आता तो मासा खरंच किती लांब होता हे जगात कुणालाच सांगता यायचं नाही. त्याचं माप म्हणजे ह्यांचा हात, आणि तो हात आम्ही जाळला. एक काथ्याची दोरी कापून ठेवली असती तर! पण जिवंत माणसाच्या हाताची दोरी कोण कापून ठेवतो? माणूस घरातच असतो ना रोज.

तुम्हाला वाटेल इतक्या वर्षांत कुणी सखारामाचा विक्रम मोडला का नाही. तेच तर. मी दरवर्षी वाट बघायची. मला विक्रम परत घरात नको होता, मला फक्त त्या घरात डोकं जायला हवं होतं. रुक्मिणीने टोपाचं झाकण उघडावं, सखारामाने पाट घेऊन बसावं, आणि गिळावं. कुणीही पकडो, परका असो, चालेल. पण कुणाला लागेना. पहिल्यांदा मला वाटलं नशीब त्याचं. मग हळूहळू डोळे उघडले. नदीत वाळू काढणाऱ्या होड्या आल्या, तळ उपसून नेला. मुखाशी बारीक आसांची, म्हणजे भोकांची, जाळी आली, बोटाएवढी पिल्लंसुद्धा सुटेनात. खोल समुद्रात दिवे लावून मासळी ओढणारे ट्रॉलर आले. चोणक यायचा, पण पोरसवदा. वाड्यातले लोक अजून म्हणायचे, सखारामाने काय मासा मारला हो, चाळीस वर्षांत तोड नाही! मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, विक्रम टिकला तो माणूस मोठा म्हणून नाही, नदी रिकामी म्हणून.

माझी मुलगी नंदा वास्कोला असते. जावई बंदरात कामाला. गुणी आहे, पण त्याला फोनवर मासे बघायचा नाद. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं मासा छातीशी धरून दात काढत उभी. एकदा मला म्हणाला, “आई, हे बघा, ह्या माणसाचं रेकॉर्ड त्याच्या नातवांपर्यंत टिकलंय.” मी म्हटलं, “मग त्या नदीत आता काय शिल्लक आहे ते विचार त्याच्या नातवांना.” तो हसला. मी विनोद केला नव्हता. आणि वर्तमानपत्रात बघा, एका वर्षी छापतात ‘विक्रमी मासळी’, बर्फ पुरला नाही, टेम्पो पुरले नाहीत. पुढच्या वर्षी त्याच पानावर ‘मासळीचा दुष्काळ’. ह्या दोन बातम्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत हे छापणाऱ्याला दिसत नाही का? दिसत असेल. दोन्ही बातम्या खपतात.

हे सगळं मनात असंच आंबत राहिलं असतं. पण यंदा वैशाखात मी जनेलाला पडदे शिवायला टाकले. खिडकी मी हाताने मापली, कापडही हाताने मोजून घेतलं असतं, पण शिंपी म्हणाला किती हात ते सांगा, मीच कापतो. पडदे आले ते खिडकीच्या किती तरी खाली, जमिनीवर लोळणारे. मी भांडायला गेले. तो म्हणाला, “मावशी, तुम्ही सांगितले तेवढेच हात कापले, माझ्या हाताने. तुमचा हात बघू?” त्याने टेप लावली आणि हसायला लागला. “एवढुसा हात! शाळेतल्या पोरीचा असतो एवढा.”

घरी येताना मी बसमध्ये माझा हात मांडीवर ठेवून बघत होते. कोपर ते बोट. ज्याचा मासा त्याचा हात. सखारामाच्या हातापेक्षा माझा आखूड.

आषाढ लागला आणि मी माळ्यावरून गरी काढली. सत्तरी उलटलेली बाई, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, बांधावर पुरुषांच्या ओळीत. पहिल्या दिवशी दोघे उठून लांब जाऊन बसले. एक म्हणाला, “काकी, घरात मिक्सर बिघाडलो काय?” मी म्हटलं, “मिक्सर बरो आसा. तुमचे नेम बिघाडलेत, ते दुरुस्त करूक इलंय.” पुढे नंदा आठ दिवसांसाठी आली, ती छत्री धरून माझ्यामागे. “आये, चक्कर येयत गो तुका. पडशीत पाण्यात.” मी म्हटलं, “आमोण्याची आसंय. पाण्यात पडलंय तर पाणी घाबरतला.”

वीस-पंचवीस दिवस काही नाही. काळुंदर, एक तांबसो, खेकडे. आणि एका सकाळी भरती अर्ध्यावर असताना दोरी अशी ताणली की माझी चप्पल बांधाच्या चिखलात रुतून राहिली आणि मी पुढे. ती ओढ मी पन्नासेक वर्षांनी हातात घेत होते. सांगते, त्या क्षणी मला ना सखाराम आठवला, ना हे. फक्त दोरी. ढील द्यायची, ओढायची, ढील द्यायची. चोणक वर उसळला, लाल डोळा चमकला, आणि मी बारा वर्षांची होऊन किंचाळले. पहिल्या दिवशी लांब जाऊन बसलेले ते दोघेच धावत आले आणि त्यांनी जाळ्याने उचलला.

मी कुणाला हात लावू दिला नाही. गुडघे टेकले. कोपर, बोट, खूण. कोपर, बोट, खूण. अर्धा. मग बोटं.

“अडीच हात तीन बोटां,” मी म्हटलं. “मापा परत. पण माज्याच हातान.”

कुणी हसलं नाही. नेमच तो. नंदा तेवढी माझ्या कानाशी पुटपुटली, “आये, मी ल्हान होतंय तेव्हा बाबांच्या माशाची गोष्ट तूच सांगायचंस ना, शेपूट उंबऱ्याभायर? ह्यो तर चुलीपासून मोरीपर्यंत पण पुरना नाय.” मी तिला म्हटलं, “तू छत्री धर.”

डोकं मी शिजवलं. तिरफळं स्वतः ठेचली. चाळीस वर्षं ज्या वाक्यांची उजळणी केली होती ती सगळी चुलीपाशी पुन्हा म्हणून बघितली. टोपावर केळीचं पान घातलं आणि सखारामाच्या पडवीची पायरी चढले. तो खुर्चीत बसला होता. आता फार म्हातारा झालाय, मान पुरतीच आत गेलेली. समोर भिंतीवर निळा, ताजा रंग.

“काय ता?” त्याने विचारलं.

“डोक्या. अडीच हात तीन बोटां.”

त्याने पान उचललं.  “एवढ्या डोक्याचो मासो अडीच हात?”

मी माझा हात त्याच्या नाकासमोर धरला. “ज्याचो मासो, त्याचो हात. नेम तू नाय केलंस, मी पण नाय केलंय.”

“बायलमाणसाचो हात मापात धरनत नाय.”

“धरतत,” आतून आवाज आला. रुक्मिणी. दारात उभी, हाताची बोटं संधिवाताने मुठीत वळलेली. “हाड हय तो टोप.” तिने मुठींत धरून माझ्या हातातून टोप घेतला आणि आत गेली. माझ्याकडे बघितलं नाही.

सखाराम हसायला लागला. दात नाहीत, नुसता वारा. “दत्तारामाक ठावक होता,” तो म्हणाला.

“काय?”

“माजो हात आखूड ता. त्याच दिसा डोक्या जेवान विडी ओढूक इल्लो माज्याकडे. म्हणालो, सख्या, माका दिसलां सगळां, पण तू ठेव. अकरा वर्सां आषाढात दुसऱ्याची गरी रिकामी येवची म्हणान बघत बसलंय. कोणाची दोरी ताणली की माज्या पोटात गोळो. आता तू बस, म्हणालो.”



“आणि मी बसलंय,” सखाराम म्हणाला. “पयल्या धा वर्सांत लय भंय वाटायचा. मगीर वाटेनासो झालो. तेव्हा समाजलंय, मासोच नाय रवलो.”

“मग भिंत कित्याक रंगवतंस?”

“झील रंगवता. गिऱ्हायक बघता.” त्याने टोप गेला त्या दिशेला पाहिलं, वास घेतला. “आता तू बस हां, वयनी.”

घरी येताना मी ह्यांना मनातल्या मनात काय काय बोलले! माणसाने हयातभर मला मिठासाठी वरच्या वाड्यात चालवलं, आणि एकदाही सांगितलं नाही. विड्या लपवल्या, पण हे त्याहून खोल लपवलं. मी त्याच्या नावासाठी भांडत होते आणि त्याने ते नाव जेवणाच्या पानावर स्वखुशीने ठेवून दिलं होतं. हसायला येईल असं तुम्हाला वाटलं असेल. मला नाही आलं. अजूनही येत नाही. फक्त राग आता कुणावर धरायचा ते नीट कळत नाही, एवढंच.

दुसऱ्या सकाळी मी बांधावर गेले. गरी नेली नव्हती. सहज, म्हटलं जाऊन यावं. बसले. पलीकडे एकाची दोरी ताणली आणि माझ्या पोटात गोळा आला. दोरी तुटली, तो कपाळावर हात मारून बसला, आणि मला, देवाशप्पथ, बरं वाटलं. त्याच्या घरी लहान नात आहे, मासा आवडतो तिला, मला माहीत आहे. तरी बरं वाटलं. तिसऱ्या दिवशीही गेले. चौथ्या दिवशी अमावास्या होती, आणि मी एवढ्यासाठी खूश होते की उद्यापासून श्रावण, म्हणजे वर्षभर सुटका.

दुपारी परसात आवाज आला. कुंपणाच्या वरून नाही, फाटकातून. रुक्मिणी होती. ओच्याला चिखल, कपाळावर पावसाचं पाणी, मागे झाकलेला वाडगा घेऊन तिची सून. सून सासूकडे बोट करत, हसू दाबत म्हणाली, “आत्येन धरलो. बांधार दोरी मनगटाक गुंडाळून बसली होती सकाळपासून. मी फक्त वर ओढूक हात लायलो.”

“माप?” मी विचारलं.

रुक्मिणीने मूठ पुढे केली. ती बोटं उघडत नाहीत. कोपर ते वळलेल्या मुठीचं टोक, तेवढाच तिचा हात. “तीन हात,” ती म्हणाली. “साक्षीक धा जणां होती. कोण एक शब्द बोलूक नाय.” मग थांबून, चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघत, “कोंबडेक सांग.”

ती गेली. मी पाट घेतला. दुसरा इलाज नाही, त्याच दिवशी खायचं असतं. नंदा वास्कोला परत गेलेली, घरात मी एकटी. वाडगा उघडला. हो, वाडगाच, टोप नाही. रुक्मिणीचा हात स्वयंपाकाला अजून तसाच आहे, रस दाट, तिरफळ नेमकं. गाल फोडले, डोळे चोखले, हाडं बाजूला ठेवली.

तीन हात. आमच्या वाड्यात आजवर मापलेला सगळ्यात लांब मासा. त्याचं डोकं मी एकटीने संपवलं, आणि भूक राहिली म्हणून वर पेज घेतली.